एका धुराड्याच्या दोन जावा

इराणातल्या हमदानच्या थंडीला मुनव्वरखानमने कधी नावं ठेवली नाहीत. "थंडी आहे म्हणून आमची चूल पेटली," असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. नवरा यदुल्ला गल्लीच्या तोंडाशी संगक रोट्या भाजायचा आणि ती घरी रजया शिवायची. एकाची भट्टी, दुसरीची लोकर. दोन्ही धंदे अल्वंद डोंगरावरून उतरणाऱ्या त्या बोचऱ्या वाऱ्याच्या जिवावर चालले. अर्ध्या मोहल्ल्याच्या नवऱ्या तिने शिवलेली लाल सॅटिनची रजई घेऊन सासरी गेल्या. सुईने टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की वाफाळत्या चहाचा पेला ती सरळ मधोमध धरायची, आणि पाहुण्याचा हात पोळला की म्हणायची, "काय बाई नाजूक हात तुमचे!"

यदुल्लाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कियूमर्स बंदर अब्बासला नोकरीला. तिथे भर हिवाळ्यात लोक पंखा लावून झोपतात. "माझ्या पोटी जन्मला आणि रजई लागत नाही अशा गावी जाऊन बसला," एवढंच तिचं त्याच्याविषयी गाऱ्हाणं. बाकी तिचं बरं चाललं होतं. अंगणात अक्रोडाचं झाड, कोठीत लोणच्यांच्या बरण्या, खोलीत ऊब देणारी गॅसची बुखारी आणि वरच्या मजल्यावर जाऊ.

ही जाऊ म्हणजे तूबाखानम, धाकट्या दिराची बायको. दीरही गेला, त्यामुळे आता ती वर एकटी आणि ही खाली एकटी.

सासऱ्याने घर बांधलं तेव्हा ते एकमजलीच होतं. धाकट्याचं लग्न ठरलं तसा त्याने वर मजला चढवला. वरच्या खोलीला धुराडं वेगळं काढू का, असं गवंड्याने विचारलं आणि म्हातारा भडकला. आमच्या भाषेत कुळाला 'दूदमान' म्हणतात, आणि 'दूद' म्हणजे धूर. तेव्हा म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की कूळ एक तर धूरही एकाच वाटेने जाईल. मी जिवंत असेतो माझ्या छपरावरून दोन धूर निघणार नाहीत. गवंड्याचं काय जात होतं, त्याच्या विटा वाचल्या. खालच्या खोलीचं धुराडं भिंतीतून तसंच वर गेलं, वाटेत वरच्या खोलीत त्याला एक भोक पाडलं. पुढे गॅस आला तेव्हा खालची बुखारी, न्हाणीतला गीझर आणि वरची बुखारी अशा तिघांचे पाइप त्या एकाच नळकांड्यात खुपसले गेले. इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणजे बिघडलं असलंच तर कुणाला कळलं नाही.

तूबा शाळामास्तरांची मुलगी. ती लग्न होऊन आली त्या दिवशी मुनव्वरने तिला मुद्दाम 'तुम्ही' म्हटलं. थोरली जाऊ धाकटीला 'तू' म्हणते, पण आम्ही अडाणी आणि तुम्ही मास्तरांच्या, हा टोमणा त्या एका 'तुम्ही'त नीट बसवलेला होता. तूबाही काही कमी नव्हती. तिनेही 'तुम्ही'च धरलं आणि वर 'खानम' जोडलं. मग आधी 'तू'वर कोण उतरणार? दोघींनी एकमेकींची पोरं न्हाऊ-माखू घातली, एकमेकींच्या बाळंतपणात रात्री जागवल्या, दोन्ही भावांच्या मातीला दोघी एकत्र रडल्या. आशची, म्हणजे दाट सुपाची, वाटी खालून वर गेली की वरून तीच वाटी लोणचं भरून खाली यायची, रिकामी कधी नाही. 'तुम्ही' मात्र दोघींनी घट्ट धरून ठेवलं.

त्या वर्षी थंडीचा मोठा चिल्ला, म्हणजे कडाक्याचे चाळीस दिवस, लागला आणि मुनव्वरचं डोकं दुखू लागलं. सकाळी उठावं तर कपाळावर कुणी मुसळ ठेवल्यासारखं, पोटात मळमळ, पायात गोळे. गावजबानचा काढा घेतला, पुदिना घेतला, काही फरक नाही. मग तिला आठवलं. आठवड्यापूर्वी तूबा जिन्यात थांबून म्हणाली होती, "काय गाल लाल झालेत तुमचे, मुनव्वरखानम! नवरीसारखे!" एवढं बोलून सरळ वर निघून गेली. दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्ला म्हणाली नाही.

झालं. दुखणं कुठून आलं ते मुनव्वरला कळलं.

त्याच संध्याकाळी तिने लोखंडी पळी गॅसवर लाल तापवली आणि दृष्ट काढायच्या इस्पंदाचे मूठभर दाणे तीत टाकले. दाणे तडतडले, दाट धूर उठला. पळी डोक्याभोवती ओवाळत ती म्हणू लागली, "शनिवारी जन्मलेल्याची, रविवारी जन्मलेल्याची, ओळखीच्याची, बिनओळखीच्याची, शेजारची, समोरची..." आणि मग जरा जोर देऊन, "वरची!" पळी तिने बुखारीजवळ टेकवली आणि समाधानाने गालिच्यावर बसली. धूर हळूहळू बुखारीच्या मागच्या बाजूला ओढला जात होता. जाऊ दे, दृष्ट निघाली म्हणायची.

जरा वेळाने जिन्यात चपला वाजल्या. दार ढकलून तूबा आत आली, डोक्यावरची चादर अर्धी घसरलेली.

"मुनव्वरखानम, माझ्या नावाने इस्पंद जाळताय?"

"तुमच्या? छे! तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाकाने सांगितलं. सगळी खोली भरलीय माझी! इतकी वर्षं तुमचं मीठ खाल्लं, आणि माझीच दृष्ट काढताय?"

"अहो, मी माझ्या खोलीत जाळलं. माझी दारं बंद, तुमची दारं बंद. तुमच्या नाकाला काय पंख आहेत?"

"मग माझ्या बुखारीतून धूर कसला येतोय? आणि बुखारी तर बंद आहे माझी!"

दोघींनी एकाच वेळी भिंतीतल्या त्या भोकाकडे पाहिलं, जिथे पाइप आत शिरत होता.

"बुखारीतून?" मुनव्वरने विचारलं.

"पाइपाच्या सांध्यातून. भकाभका."

मग तूबा हळूच म्हणाली, "डोकं दुखतं का हो तुमचं?"

"आठवडा झाला. तुमचं?"

"माझंही."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्हाला वाटलं असतं, मी म्हणतेय तुमची दृष्ट लागली."

मुनव्वरला हसू आलं आणि ते ओठांवरच थिजलं. दिसणारा धूर जर असा भिंतीतून वर जात होता, तर न दिसणारा कुठे जात असेल? दर हिवाळ्याला बातमी असतेच, अमक्या गल्लीत अख्खं कुटुंब झोपलं ते उठलंच नाही. ती झटकन उठली, गॅसचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या. दोघी अंगणात बर्फात एक रजई पांघरून बसल्या आणि तिथूनच गॅसवाल्यांना फोन लावला.

गॅसच्या ऑफिसातून आगा दरगाही आला. जाडजूड, मिशाळ, गुडघ्यावर हात टेकून उठणारा माणूस. तो छपरावर जाऊन आला आणि हातातली काटक्यांची मोळी अंगणात फेकली. कबुतरांनी धुराड्याच्या टोपीत घरटं केलं होतं आणि त्यावर बर्फ गोठला होता.

"हाजखानम," तो म्हणाला (मक्केला दोघीही गेलेल्या नव्हत्या, पण गॅसवाला सगळ्याच म्हाताऱ्यांना हाजखानम म्हणतो), "एका धुराड्यात तीन पाइप! एकीने बुखारी पेटवली आणि दुसरीची बंद असली, की हिचा विषारी वायू तिच्या खोलीत. वरचं तोंड बुजलं तर दोघींच्याही खोलीत. तुम्ही दोघी माझ्याशी बोलताय, हे देवाचे उपकार समजा."

"आमचे सासरे म्हणायचे, कूळ एक तर धूर एक," तूबा म्हणाली.

"सासऱ्यांना जन्नत लाभो. पण त्यांच्या हट्टापायी तुम्हीही तिकडेच निघाला होता."

त्याने धुराडं साफ केलं. तिन्ही पाइप काढून ठेवले. एका धुराड्याला एकच, याहून दुसरा नियम नाही. गीझर बंद, आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. दुसऱ्या बुखारीसाठी भिंतीबाहेरून नवा पाइप छपरापर्यंत न्यावा लागेल, आणि या गारठ्यात सिमेंट धरत नाही, तेव्हा ते काम वसंतात, नवरोजनंतर. विजेचा हीटर लावला तर या घराच्या जुन्या वायरी जळतील. एवढं सांगून त्याने पाइपाचा तुकडा काखेत धरला आणि विचारलं, "बोला, कुणाची जोडू? वरची की खालची?"

हा प्रश्न आमच्याकडे असा उघडा विचारू नये. दरगाही तुर्कांच्या खेड्यातला, त्याला घाई होती.

"तूबाखानमची जोडा," मुनव्वर म्हणाली.

"छे छे! त्या थोरल्या. त्यांची जोडा."

"माझं काय अडलंय? जन्म रजयांत गेला, एखादी ओढून बसेन. तूबाखानमचे गुडघे पाहा."

"गुडघे तर त्यांचेही आहेत. आणि वर ऊन येतं. मला पुरे."

"या दिवसांत कुठलं आलंय ऊन! आगा, तुम्ही वरचीच जोडा."

दरगाहीने चहा घेतला, परत घेतला. तारूफ, म्हणजे हा 'आधी तुम्ही'चा शिष्टाचार, चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, एवढं त्यालाही ठाऊक होतं. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मनातलं, अशी रीत. मुनव्वरने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तिसऱ्या खेपेला तूबा म्हणणार, बरं बाई, मग खालचीच जोडू देत आणि मीही खालीच बसते. त्यावर आपण म्हणायचं, या की, खोली तुमचीच आहे. ती पुन्हा दोनदा नाही म्हणेल. मग येईल. हिवाळा मजेत जाईल.

पण तिसऱ्या खेपेला तूबाने पेला बशीत ठेवला.

"ठरलं तर मग. खालची जोडा. मी करजला लेकीकडे जाते. माहरुख कधीची बोलावतेय, खोली तयार आहे म्हणते, कायमच्याच या म्हणते."

दरगाहीने सुटकेचा श्वास टाकला आणि पान्हा उचलला. खालच्या बुखारीला पाइप बसला, वरच्या भोकाला प्लास्टरने बूच लागलं. पेटती काडी बुखारीमागे धरून त्याने दाखवलं, ज्योत आतल्या बाजूला झुकली. धुराडं छान ओढत होतं. मुनव्वर तारूफात जिंकली होती. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

लेकीकडे हिवाळ्यापुरती गेलेली म्हातारी परत येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सुताराची आई अशीच गेली, समोरची रोकैया गेली. दोघींच्या दारांना कुलपं आहेत, आणि एकीच्या दारात कुत्री विते.

दुसऱ्या दिवसापासून मुनव्वर वर जाऊ लागली. तूबा बोचकी बांधत असायची.

"राहा ना, तूबाखानम. तुमची पावलं माझ्या डोळ्यांवर."

"तुमची सावली कमी न होवो, मुनव्वरखानम. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? घर तुमचंच आहे."

"तुमच्या मनाचा मोठेपणा."

खाली येऊन मुनव्वर स्वतःवरच चडफडायची. बोलली त्यातला शब्दन्शब्द खरा होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. हेच शब्द ती सगळ्यांना म्हणते. दरगाहीलाही ती म्हणाली होती, जेवूनच जा, घर तुमचंच आहे. आणि तो खरंच जेवायला बसला असता तर तिची पंचाईत झाली असती, भांड्यात कालची मसूर होती. नाणं इतक्या हातांतून फिरून गुळगुळीत झालं होतं की खरं-खोटं ओळखू येईना. आणि तूबाही मास्तरांची मुलगी, कुणी धरून ठेवल्याशिवाय थांबणार नाही, आणि तारूफाने धरलं तर ते धरणंच नव्हे.

दोन दिवस मुनव्वरने मटणाचं आबगोश्त शिजवलं, वर पाठवलं. वाटी परत आली, त्यात मनुका. बुखारी निळ्या ज्योतीने जळत होती, डोकं दुखायचं थांबलं होतं, खोलीत अशी ऊब की मांजरसुद्धा दारातून हलेना. आणि मुनव्वर त्या उबेत बसून कुढत होती. ही ऊब तिला नको होती. अशी फुकट जिंकलेली तर नकोच.

शुक्रवारी माहरुख गाडी घेऊन आली. तूबाची मुलगी आईसारखीच सरळ नाकाची, पण स्वभावाने मऊ. बोचकी डिकीत गेली. मुनव्वरने रीतीप्रमाणे कुराण उंच धरलं, तूबा त्याखालून गेली, त्याचं चुंबन घेतलं, गाडीत बसली. दोघींनी एकमेकींचे गाल तीनदा टेकवले. दोघींचे गाल थंड होते.

"माफ करा काही उणं-अधिक बोलले असेन तर, मुनव्वरखानम."

"तुम्हीच माफ करा, तूबाखानम. जागा रिकामी वाटेल तुमची."

आता पाणी. जाणाऱ्याच्या मागे वाडगाभर पाणी रस्त्यावर टाकायचं, म्हणजे तो सुखरूप जातो आणि परत येतो. मुनव्वरने वाडगा भरून आणला होता, त्यात हिरवं पान घालतात, पण हिवाळ्यात अक्रोडाला पान नव्हतं म्हणून लोणच्यातली तारखूनच्या पाल्याची काडी घातली होती. माहरुखने गाडी सुरू केली. गल्लीच्या दोन खिडक्या उघडल्या, कारण निरोप पाहायला आमच्याकडे बोलवावं लागत नाही.

मुनव्वर वाडगा धरून उभी राहिली. हात वर गेला नाही. गाडी तशीच धुमसत उभी होती. मागे पाणी पडल्याशिवाय निघता येईना.

"काकू, पाणी!" माहरुख म्हणाली.

मुनव्वरने वाडगा तोंडाला लावला आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. तारखूनची काडी तिच्या हनुवटीला चिकटली.

"या अल्ला!" खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

"मी पाणी टाकणार नाही," मुनव्वर म्हणाली. "तूबा, उतर खाली."

तूबाने काच खाली केली. "काय म्हणालात?"

"उतर म्हणाले. बहिरी झालीस? वरून तुझ्या चपला वाजल्या नाहीत तर मला घर मेल्यासारखं वाटतं. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला अन्न पचत नाही. त्या खोलीत एकटीने शेकत बसायला मी काय भाकरी आहे? तुझं अंथरूण मी बुखारीजवळ घालते, माझं भिंतीकडे. उतर."

अख्ख्या मोहल्ल्याने मुनव्वरला तूबाला 'तू' म्हणताना ऐकलं होतं, आणि तेही कुराणाच्या साक्षीने.

तूबाचा चेहरा लालबुंद झाला. तिने चादर सारखी केली, पुढे पाहिलं, मागे पाहिलं.

"हा तारूफ नाही ना?" तिने विचारलं.

"तारूफ करायचा असता तर पाणी टाकलं असतं."

मग तूबा लेकीला म्हणाली, "माहरुख, गाडी बंद कर. डिकी उघड." आणि दार उघडून पाय बर्फावर टेकवता टेकवता तिचे डोळे भरून आले. "हे दोन दिवस आधी बोलायला काय दातखिळी बसली होती? बोचकी बांधून बांधून माझी कंबर मोडली."

माहरुख त्या दिवशी करजला एकटी परतली, सोबत लोणच्याच्या दोन बरण्या आणि डोळ्यांत पाणी घेऊन. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. निघताना तिच्या गाडीमागे दोन्ही म्हाताऱ्यांनी मिळून अर्धी बादली पाणी ओतलं.

संध्याकाळी अल्वंदवर पुन्हा बर्फ धरला. खालच्या खोलीत दोन अंथरुणं घातली. वर तूबाच्या खोलीला कुलूप आणि धुराड्याला एकच पाइप. चहा झाला, अक्रोड फोडून झाले, दरगाहीच्या मिशांवरून हसून झालं. मुनव्वर बुखारीकडे पाठ करून सुईत दोरा ओवत होती. तूबा पलीकडे पाय पोटाशी घेऊन बसली होती, काहीतरी म्हणायचं होतं आणि जीभ वळत नव्हती. इतक्या वर्षांची सवय तोंडातून सहज जात नाही. तिने घसा साफ केला, एकदा, दोनदा.

"मुनव्वर," ती शेवटी म्हणाली, "सरक की जरा. सगळी ऊब तूच घेऊन बसलीयेस."

मुनव्वरच्या हातातला दोरा सुईच्या बाजूने गेला. ती सरकली.